सात इंचांची पाटी

"आयपॅड का हो? मुलानं पाठवला?" समोरच्या काकूंनी विचारलं, आणि बाबा म्हणाले, "हो."

एवढंच घडलं. २०१२ चा गणपती. दुसऱ्या दिवशीची संध्याकाळची आरती नुकतीच आटपली होती, तबकातला कापूर अजून धुमसत होता, आणि मी खिरापतीची वाटी घेऊन काकूंच्या मागेच उभी होते. बाबा झोपाळ्यावर बसले होते. मांडीवर काळ्या रंगाची सात इंचांची पाटी. चष्मा कपाळावर सरकवून ते मंत्रपुष्पांजलीतला कुठलातरी शब्द तिच्यावर ताडून बघत होते. ती पाटी टॅब्लेट होती, पण आयपॅड नव्हती. कुणी पाठवलेलीही नव्हती. चार महिन्यांपूर्वी, वडोदऱ्याच्या मे महिन्यात, डांबर चपलेला चिकटत होतं अशा दुपारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून बाबांना स्कूटरवर मागे बसवलं होतं आणि दांडिया बाजारातून मरीमाताच्या खांच्यात, म्हणजे तिथल्या दुकानांच्या गल्लीत, घेऊन गेले होते. निम्मे पैसे त्यांनी दिले, निम्मे मी. काकू "वा, वा" म्हणत प्रसाद घेऊन गेल्या. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांचा अंगठा पाटीच्या कडेवर होता, बरोबर जिथे कंपनीचं नाव छापलेलं होतं तिथे.

दुसऱ्या कुणाचे वडील असं बोलले असते तर मी विसरून गेले असते. पण माझ्या बाबांची तेहेतीस वर्षं एका शिक्षणसंस्थेच्या ग्रंथालयात कार्डं लिहिण्यात गेली. पाच इंच बाय तीन इंचांचं जाड पिवळट कार्ड, खाली मधोमध भोक, त्यातून जाणारी पितळी सळई. त्या कार्डावर लेखकाचं नाव आडनावासकट, पुस्तकाचं नाव मुखपृष्ठावरचं नव्हे तर आतल्या नामपृष्ठावरचं, पानं किती, आणि शेवटी पुस्तकाची उंची सेंटिमीटरमध्ये. लहानपणी मी "ते निळं पुस्तक द्या ना" म्हटलं की ते म्हणायचे, "निळी पुस्तकं चारशे आहेत. नाव सांग." भाजी घेतानाही गिलकी आणि दोडका यांत घोळ घातलेला त्यांना खपत नसे. असा माणूस एका वस्तूला दुसऱ्या वस्तूच्या नावानं कुणी हाक मारली तर "हो" म्हणतो, आणि ती वस्तू कुणी दिली या प्रश्नालाही त्याच एका "हो"मध्ये गुंडाळून टाकतो, हे मला त्या संध्याकाळी समजलं नाही. पुढे बरीच वर्षं समजलं नाही.

माझा थोरला भाऊ न्यू जर्सीत असतो. २०१० च्या डिसेंबरात तो आला तेव्हा आमच्या घरात पहिला आयपॅड आला. एप्रिलमध्ये अमेरिकेत विकायला आलेला, पावणेदहा इंचांना जरासा कमी पडदा, मागे चांदीसारखा थंड पत्रा आणि त्यावर काळं सफरचंद. दादानं तो सतरंजीवर ठेवला आणि आम्ही सगळे भोवती बसलो. दिवे गेलेल्या घरात कंदिलाभोवती बसावं तसे. भाच्यांच्या बोटांना डिंकाच्या लाडवाचं तूप होतं, ते काचेवर उमटायचं, आणि वहिनी दर दोन मिनिटांनी मऊ फडक्यानं पुसायची. बोटानं पान उलटलं की कागदाची कड खरोखर वळायची. बाबांनी तो हातात घेतला, मोठ्या आदरानं घेतला, आणि पाचेक मिनिटांनी मांडीवरच्या उशीवर ठेवला. वजन पाऊण किलोच्या जरा आत. एका मनगटानं पेलून वाचायचं म्हटलं तर सत्तरीच्या माणसाला जड. "फार सुंदर आहे," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "पण हा टेबलावरचा ग्रंथ आहे. हातातलं पुस्तक नाही."

त्यांचं मोजमाप तेव्हाच ठरलं होतं. आमचं मात्र दादाच्या त्या पत्र्यावरच्या सफरचंदानं ठरवून टाकलं होतं.

त्याच्या महिनाभर आधी अलकापुरीतल्या एका शोरूममध्ये मी गॅलेक्सी टॅब पाहिला होता. सॅमसंगनं तो नोव्हेंबर २०१० मध्ये भारतात आणला, ३८,००० रुपयांना. काचेच्या टेबलावर साखळीला बांधलेला होता आणि भोवती सात-आठ जण. ते दृश्य मला अजून लख्ख आठवतं, कारण प्रत्येक जण एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारत होता: हा आयपॅडपेक्षा बरा का? एका गृहस्थांनी उंची विचारली, एका मुलानं फ्लॅशचे व्हिडिओ चालतात का ते विचारलं (चालत होते, आयपॅडवर नव्हते), एका बाईंनी तो पर्समध्ये घालून पाहिला आणि पर्सची चेन लागली तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. एका आजोबांनी "याच्यावरून फोन होतो?" विचारलं, विक्रेत्यानं "हो" म्हणताच तो आख्खा कानाला लावला, आणि सगळे हसले. आजोबाही हसले. पण फोन खरंच होत होता, पर्समध्ये तो खरंच मावत होता, आणि वजन आयपॅडच्या निम्म्याच्या आसपास होतं. तरी शेवटी सगळे जाताना म्हणत होते, "पण आयपॅड तो आयपॅड."

आणि आयपॅड तेव्हा भारतात अधिकृतपणे आलेलाच नव्हता! तो जानेवारी २०११ मध्ये आला, २७,९०० पासून पुढे. म्हणजे आपल्याकडे आव्हान देणारा आधी दुकानात पोचला, आणि ज्याला आव्हान द्यायचं तो दोन महिन्यांनी. त्या टेबलाभोवती उभ्या असलेल्यांपैकी कुणी आयपॅड हातात धरलेला असेल असं मला वाटत नाही. कुणाचा मेहुणा दुबईहून आणणार होता, कुणी वर्तमानपत्रात चित्र पाहिलं होतं. समोर जो होता त्याला हात लावून बघत होते आणि जो समोर नव्हता त्याला मार्क देत होते. थोरला परदेशी असलेल्या घरात जवळच्या धाकट्याला जे ऐकून घ्यावं लागतं, तसंच काहीसं. हे वाक्य मी तेव्हा मनात म्हटलं नव्हतं. आज लिहिताना आलं आहे, आणि ते खोडावंसं वाटत नाही.

त्याच सुमाराला, आयपॅड काढणाऱ्या ॲपलचे स्टीव्ह जॉब्झ यांनी सात इंची टॅब्लेटांबद्दल जे सांगितलं ते दादानं फोनवर बाबांना ऐकवलं होतं. असा पडदा आयपॅडच्या पडद्याच्या पंचेचाळीस टक्केच भरतो, तो फोन म्हणून मोठा आणि टॅब्लेट म्हणून लहान, आणि विकायचाच तर सोबत पॉलिशपेपर द्यावा लागेल, बोटं घासून बारीक करायला. बाबांनी ते शांतपणे ऐकलं. फोन ठेवल्यावर कपाटातून त्यांचा जुना तुकारामाच्या निवडक अभंगांचा गुटका काढला, फूटपट्टी लावली आणि म्हणाले, "अठरा सेंटिमीटर. माणसं शंभर वर्षं हे हातात धरून वाचताहेत. बोटं कुणी घासली नाहीत."

बाबांच्या या बोलण्यामागे आमच्या गावाचा एक जुना धडा आहे. आजोबा वडोदऱ्याजवळच्या पादरा गावात शिक्षक होते. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावून राज्यभर ग्रंथालयं उभी केली, आणि गावोगावी पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरायला लागल्या, ते आजोबांनी पाहिलेलं. पेटी आली की पोरं धावत जायची. सगळ्यांत आधी लहान आकाराची पुस्तकं उचलली जायची, कारण ती सदऱ्याच्या आत लपवून शेतावर नेता यायची, असं आजोबा सांगत. मी शाळेत असताना बाबा मला मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत घेऊन गेले होते. पुस्तकं ठेवायचे लोखंडी घोडे, आणि त्यांच्यामधली काचेची जमीन, खालच्या मजल्यापर्यंत उजेड पोचावा म्हणून. त्या काचेवर पाय टाकायला मला भीती वाटली होती. बाबांनी हात धरला नाही, पुढे चालत राहिले आणि म्हणाले, "पुस्तकांचं वजन पेलते ती. तुझंही पेलेल."

मग आला २०११ चा दसरा. सहा ऑक्टोबर. बडोद्यात दसऱ्याला फाफडा-जिलबीच्या रांगा पहाटेपासून लागतात, मी ती पुडी घेऊन घरी आले तर बाबा पेपर पसरून बसलेले आणि टीव्ही चालू. पेपरात आदल्या दिवशी दिल्लीत निघालेल्या 'आकाश' टॅब्लेटची बातमी: सात इंच, विद्यार्थ्यांसाठी, तीन हजारांच्या आत. आणि टीव्हीवर, स्टीव्ह जॉब्झ गेले. छप्पन्न वर्षांचं वय. बाबांनी पुडीचा दोरा सोडला, जिलबीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. पॉलिशपेपरवाल्या माणसाबद्दल त्यांच्या मनात कधी राग नव्हताच. "पान उलटताना कड वळवली त्यानं," एवढंच म्हणाले. संध्याकाळी आपट्याची पानं वाटताना त्यांनी त्या 'आकाश'च्या बातमीचं कात्रण मात्र पाकिटात ठेवलेलं मी पाहिलं. पुढे लोकांनी 'आकाश'ला बरीच नावं ठेवली. पडदा दाबावा लागतो, सावकाश चालतो. दाबावा लागत होताच. पण ते कात्रण त्यांनी टाकलं नाही. तीन हजारांत पाटी मिळू शकते, हे त्यांच्या डोक्यात बसलं आणि तिथून ते माझ्याजवळ अधूनमधून विषय काढायला लागले. एरवी स्वतःसाठी बनियनही मागत नाहीत.

मरीमाताच्या खांच्यात त्या मे महिन्यात सात इंची पाट्यांचा नुसता पूर आला होता. गल्ली इतकी चिंचोळी की स्कूटर बाहेर लावावी लागली. दोन्ही बाजूंना कव्हरं, काचा, चार्जर झुंबरांसारखे लटकलेले, प्रत्येक दुकानातून वेगळं गाणं, आणि गरम सोल्डरचा तो गोडसर वास. पाचव्या दुकानात बाबा थांबले. दुकानदार मुलगा पंचविशीचा असेल. त्यानं पाटी पुढे केली आणि म्हणाला, "आइपॅड जेवुं ज छे, काका." आयपॅडसारखंच आहे. बाबांनी विचारलं, "आनुं पोतानुं नाम शुं?" याचं स्वतःचं नाव काय? तो मुलगा गोंधळला. त्याला डबा फिरवून वाचावं लागलं. दिवसाला वीस-वीस पाट्या तो विकत असणार, आणि एकीचंही नाव त्याला घ्यावं लागलं नव्हतं. एकाच्या नावावर सगळ्यांचं भागत होतं.

तुपाच्या डब्यात काहीही असो, आई त्याला 'डालडा' म्हणायची. कुठल्याही यंत्रावर काढा, ती 'झेरॉक्स'च असते. स्टेशनवर 'बिस्लेरी' मागायची आणि मिळेल ती बाटली घ्यायची. पहिला येणारा नुसता बाजार घेत नाही, तो त्या वस्तूचं सामान्यनाम होऊन बसतो. नंतरच्यानं कितीही चांगलं काम केलं तरी लोक त्याला पहिल्याच्याच नावानं ओळखतात, आणि मग म्हणतात की नक्कल आहे. मला हे अन्यायाचं वाटतं. त्या पर्सवाल्या बाईंना जे हवं होतं ते आयपॅडमध्ये नव्हतंच. त्यांना वेगळी वस्तू हवी होती आणि ती समोर होती. पण त्यांना ते म्हणता आलं नाही, कारण त्या वेगळ्या वस्तूसाठी शब्दच नव्हता.

आमच्या घरात होता. आम्ही पहिल्या दिवसापासून तिला 'पाटी' म्हणत आलो.

पाटी घरी आली त्या रात्री बाबांनी मराठी पेपर उघडला आणि पडद्यावर ओळीच्या ओळी चौकोन आले. रिकामे, सारखे, विटांसारखे. त्या वेळच्या बऱ्याच यंत्रांत देवनागरी बसलेलीच नव्हती. बाबा काही बोलले नाहीत. चौकोनांवर बोट फिरवत राहिले, जणू खरवडलं तर खाली अक्षर निघेल. मला इतकं वाईट वाटलं की मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी विसळली. यंत्र मी निवडलेलं, पैसे निम्मे माझे, आणि सत्तरीच्या वाचकाला मी चौकोन आणून दिले होते. दुसऱ्या दिवशी बँकेतल्या एका तरुण सहकाऱ्यानं मार्ग सांगितला. ओपेरा मिनी नावाचा ब्राउझर घ्यायचा, पत्त्याच्या जागी 'ओपेरा कॉन्फिग' असं इंग्रजीत मधे अपूर्णविराम देऊन लिहायचं, पार खाली जायचं आणि अवघड लिप्यांसाठी चित्ररूप अक्षरं वापरा अशा अर्थाची ओळ दिसेल तिथे 'येस' करायचं. मी केलं. चौकोन गेले आणि अक्षरं आली. जरा पुसट, कडा खरबरीत, कारण ती खरी अक्षरं नव्हतीच, दूरच्या संगणकानं पाठवलेली अक्षरांची चित्रं होती. पण रफार जागेवर होता, क्ष जोडलेला होता. बाबा चष्मा वर करून अगदी जवळून बघत होते. "खिळ्यांचा छापखाना आहे हा," ते म्हणाले. "शाई जरा पसरली आहे." आणि मग रात्री साडेअकरापर्यंत त्यांनी पहिल्या पानापासून निधनवार्तांपर्यंत सगळा पेपर वाचून काढला. एका हातात पाटी, दुसऱ्या हातानं झोपाळ्याची कडी धरलेली. कुर्र, कुर्र.

त्या कुर्रकुर्रीला चार महिने झाले होते, आणि बाबा काकूंना "हो" म्हणाले.

मी विचारलं नाही. आमच्या घरात असं विचारत नाहीत. दादाचा मान राखला असेल, असं मी स्वतःला सांगितलं. मुलगा परदेशी असलेल्या बापाला गल्लीत काहीतरी दाखवायला लागतं, हे मला कळतं. काकूंचा मुलगाही तिकडेच आहे, त्यांच्याकडे दर वर्षी काही ना काही येतं. मग वाटायचं, पाटीची लाज वाटली असेल, तो अंगठा उगाच तिथे नव्हता. मग वाटायचं, माझी? त्या वर्षी ऑक्टोबरात ॲपलनंच लहान आयपॅड काढला, सात पूर्णांक नऊ दशांश इंचांचा. दादानं उत्साहानं फोन केला, "बाबा, तुमच्या मापाचा निघाला बघा, पाठवतो." बाबांनी उंची विचारली. वीस सेंटिमीटर. "चांगला आहे," म्हणाले, "पण आता मला एक आहे." मी शेजारच्या खोलीत उशांना अभ्रे घालत होते. ते वाक्य मी ऐकलं, आणि तरीही तो "हो" गेला नाही. दोन्ही वाक्यं एकाच माणसाची, ती एकमेकांशेजारी ठेवून मी कित्येकदा पाहिली आहेत.

परवा पाटी टाकायची ठरली. बॅटरी फुगून पाठ उचलली गेली होती, गेली कित्येक वर्षं ती सुरूही होत नव्हती. इलेक्ट्रॉनिक भंगार घेणारे आमच्या गल्लीत येणार होते. मी ती पिशवीत घातली तेव्हा बाबा म्हणाले, "थांब. आधी कार्ड काढावं लागेल." पुस्तक रद्द केलं की त्याची सगळी कार्डं काढायची, नाहीतर वाचक शोधत येतो आणि घोड्यावर काही नसतं, हा त्यांचा नियम. घरातल्या पुस्तकांची कार्डं ते बुटांच्या खोक्यात ठेवतात, हे मला माहीत होतं. पाटीचंही कार्ड असेल असं कधी मनात आलं नव्हतं. वयाच्या मानानं त्यांची बोटं अजून सफाईनं कार्डं चाळतात, फक्त नखं जाड झाली आहेत. त्यांनी एक कार्ड काढून मांडीवर ठेवलं, मग खोक्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन आणखी एक.

पहिल्यावर यंत्राचं पूर्ण नाव, कंपनीसकट, क्रमांकासकट. काळा रंग. उंची १९ सें.मी. खरेदी मे २०१२, मरीमाताचा खांचा. आणि खाली, जिथे ग्रंथालयात दात्याचं नाव लिहितात तिथे, माझं नाव. निम्मी रक्कम, असा शेरा.

दुसऱ्यावर फक्त दोन ओळी. वर, "आयपॅड". खाली, थोडं उजवीकडे सरकवून, "पाहा:" आणि पहिल्या कार्डावरचं ते नाव.

"हे दुसरं कशाला?" मी विचारलं.

"लोक त्या नावानं विचारतात ना," बाबा म्हणाले. "विचारणाऱ्याला परत नाही पाठवायचं. ज्या नावानं येईल तिथून आत घ्यायचं." त्यांनी लाल पेन मागितलं, दोन्ही कार्डांवर तिरकी रेघ ओढली आणि तारीख घातली.

मुलानं पाठवला, याचं कार्ड खोक्यात नव्हतं. मी नजरेनं शोधलं, हे त्यांच्या लक्षात आलं की नाही कुणास ठाऊक. खाली भंगारवाल्यांनी हाक दिली. मी पिशवी उचलली, तेव्हा बाबांनी ती परत उघडली, पाटीची पाठ एकदा तळव्यानं पुसली, फुगलेल्या भागापाशी जरा हलक्या हातानं, आणि म्हणाले, "चार्जर वेगळा दे. तो चालू आहे अजून."